तुळशीबरोबर ऑर्किडलाही तांब्याभर

"डॉक्टर, रविवारी आमच्या मिसेस परत येतायत. त्याआधी हे निस्तरायला हवं," परबकाका दारातच म्हणाले.

मी माणसांची डॉक्टर नाही. गोखिवऱ्याच्या एका नर्सरीत नोकरी करते आणि लोकांच्या घरी जाऊन आजारी झाडं बघते. त्याला आम्ही 'व्हिजिट' म्हणतो. तेवढाच भाव खाता येतो.

काकू लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या होत्या. एव्हरशाईन सिटीतल्या गॅलरीचा चार्ज काकांकडे. काकूंच्या लाडक्या पांढऱ्या ऑर्किडच्या दोन पानांवर काळपट डाग पसरले होते. काकांचा संशय उन्हावर होता.

उन्हाने भाजलेला डाग कोरडा असतो. हा दाबला तर बोट ओलं झालं, आणि वास नासक्या बटाट्यासारखा. म्हणजे बॅक्टेरिया. त्यांना पानावर साचलेलं पाणी फार मानवतं. म्हणून विचारलं, पाणी कसं घालता?

"आंघोळ झाली की तांब्याने तुळशीला, मग हिला. वरून, नमस्कार करून."

काकूंनी बजावलं होतं, ऑर्किडला आठवड्यातून एकदा, तेही बुडाशी. हे सांगताना काका ओशाळले.

"एकाच गॅलरीत तुळशीला रोज आणि हिला उपाशी ठेवायचं? मनाला पटेना हो."

मला हसू आवरेना, पण माणूस खरंच घाबरला होता. मधला पोंगा, म्हणजे जिथून नवं पान फुटतं ती जागा, कुजला की ऑर्किड संपलं. सुदैवाने तो अजून टणक होता. मी त्यातलं पाणी टिपलं, ब्लेड स्पिरिटने पुसलं आणि दोन्ही पानं थोड्या हिरव्या भागासकट कापली. कापल्या जागी लावायला चिमूटभर दालचिनीची पूड मागितली. तिने जखम लवकर सुकते. काकांनी उत्साहात अख्खी बरणी मिक्सरला लावली.

डाग पुढे सरकले नाहीत. काही आठवड्यांनी नवं पान आलं, आणि काकूंचा फोनही.

"दालचिनीची बरणी रिकामी दिसली तेव्हाच काय ते कळलं. पण मी ह्यांना बोलले नाही. लग्नापासून ह्यांनी एका झाडाला कधी पाणी घातलं नव्हतं. आता सकाळी माझ्याआधी गॅलरीत असतात. फक्त तांब्या तेवढा मी लपवलाय."

ऑर्किडं उपासाने क्वचित मरतात, लाडाने हमखास. नवऱ्यांचं तसं नसावं.