त्रेचाळीस पावत्या

अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिन गावच्या एका टाउनहाउसमध्ये वीणा मिरजकर पाच वर्षं नुसती होती म्हणा ना. सांगलीला मेकॅनिकल इंजिनिअर झालेली बाई. पण आली नवऱ्याच्या, शंतनूच्या व्हिसावर, म्हणून नोकरी करायची नाही. मग करायचं काय? पोळ्या तरी किती लाटणार माणूस?

२००३च्या हिवाळ्यात तिने किट कारची जाहिरात पाहिली. सांगाडा आणि सुटे भाग पेट्यांतून येतात, इंजिन जुन्या गाडीतलं घालायचं, जोडायची आपण. शंतनूने आधी हसण्यावारी नेलं, मग मुकाट्याने गॅरेज रिकामं करून दिलं.

त्यानंतरची दोन वर्षं वीणा जमिनीवर नव्हतीच. बाहेर बर्फ भुरभुरतोय, आत हीटरची ऊब, ग्रीसचा वास, आणि ही बाई चाकं नसलेल्या गाडीत डोळे मिटून बसलेली. स्टिअरिंग हलकेच वळवलं की ओहायोची मक्याची शेतं संपून आंबोलीचा घाट लागायचा, धुकं थेट मांडीवर यायचं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जायच्या, डाळ करपायची. शंतनू बिचारा तीच खायचा.

२००५च्या ऑक्टोबरात गाडी तयार झाली. निळी, बुटकी, दोघांपुरती. ट्रेलरवर चढवून तपासणीला नेली. घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची तर भागांच्या पावत्या दाखवाव्या लागतात. वीणाने फाइल अगदी चोख ठेवली होती. अधिकाऱ्याने त्रेचाळीस पावत्या उलटल्या आणि विचारलं, ह्यात तुम्ही कुठे आहात?

झालं! सगळ्या पावत्या शंतनूच्या नावावर. कार्ड त्याचं, म्हणून ऑर्डर देताना दर वेळी तिनेच, स्वतःच्या हाताने, त्याचं नाव टाकलेलं. वीज, फोन, घर, सगळं त्याच्याच नावावर. हाताला वळणच पडलेलं. वीणाला स्वतःचाच इतका राग आला की कान तापले.

अधिकारी भला माणूस. म्हणाला, साहेबांच्या नावावर करा, आजच पास करतो. शंतनूलाही ते सोयीचं वाटलं. "करून टाकू या ना. गाडी घरातच तर राहणार, काय फरक पडतो?"

"मला पडतो," वीणा म्हणाली. "ह्या देशात माझं काय आहे रे? एक तरी वस्तू सांग."

शंतनूने फाइल मिटून काखेत मारली. गाडी ट्रेलरवरच परत आली. हा आता अडून बसला तर काय, ह्या धास्तीने वीणाला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिस बुडवलं. बँकेतल्या नोटरीपुढे बसून त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पावत्यांमागे लिहून दिलं, की हा भाग मी माझ्या बायकोला दिला आणि गाडी एकटीने तिनेच बनवली. हात अवघडला गड्याचा.

पुढच्या आठवड्यात गाडी पास झाली. नोंदणीच्या खिडकीवरच्या बाईने सवयीने कागद शंतनूपुढे सरकवला. त्याने तो वीणाकडे ढकलला. मालक, वीणा मिरजकर. गाडी बनवणारी, वीणा मिरजकर. खाली सहीची जागा रिकामी. पेन हातात धरून वीणा बघतच राहिली. मागे रांग खोळंबली.

"काही चूक आहे का?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"नाही," वीणा म्हणाली. "वाचतेय."