आप्पांचा फोन, मायचं वाचन

आप्पांच्या डोळ्यांवर सुरतेला दुसऱ्यांदा लेझर झालं, तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की साखरेमुळे पडद्याचं जे नुकसान झालंय ते भरून येणार नाही, उरलंय तेवढं टिकवायचं. मी हे आप्पांना लगेच सांगितलं नाही. परतीच्या गाडीत त्यांनीच विचारलं, "वाचता येईल का मला?"

"बघू," मी म्हटलं.

पुढं ते नंदुरबार येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसले.

आप्पा म्हणजे माझे वडील. प्रकाशा गावाजवळच्या एका खेड्यातलं पोस्ट त्यांनी नोकरीची सगळी वर्षं सांभाळलं. सकाळी केळीचं शेत, मग पोस्ट. ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रं ते वाचून दाखवत, उत्तरंही लिहून देत. निवृत्त झाल्यावर वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे, आणि त्यातलं काय काय चहाच्या वेळी मायला सांगायचे. माय धानोऱ्याची, चौथी शिकलेली. तिला अक्षर लागायचं, पण ती म्हणायची की घरात एक जण वाचतो तेवढं पुरे.

आमच्या घरची बोली अहिराणी. फक्त आप्पा माझ्याशी मी शाळेत जायला लागले तेव्हापासून पुस्तकी मराठीत बोलतात. मुलगी शिकली पाहिजे, म्हणून सुरू केलेली सवय राहून गेली.

लेझरनंतर पंधरा दिवस मी त्यांना नंदुरबारला माझ्याकडे ठेवून घेतलं. छापील कागद त्यांना वाचता येत नव्हता. भिंग आणलं, तर एका वेळी चारच अक्षरं दिसायची आणि तेवढ्यात मागचा शब्द विसरून जायचा. फोनवरच्या बातमीचं पान पांढरंफेक. त्याच्याकडे पाहिलं की त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं.

मी एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते. दिवसभर संगणकापुढे बसून माझेही डोळे दुखायचे, म्हणून लॅपटॉपच्या ब्राउझरला मी दोन एक्स्टेन्शन जोडली होती. एकानं पान काळं आणि अक्षरं फिकट पिवळी व्हायची, हवी तेवढी मोठीही करता यायची. दुसऱ्यानं जाहिराती गळून जायच्या. एका संध्याकाळी सहज म्हणून मी आप्पांपुढे लॅपटॉप ठेवला आणि मिरची बाजाराची बातमी उघडली. अक्षरं बोटाच्या पेराएवढी केली.

ते पुढं झुकले. मग हळूहळू, एकेक शब्द सुटा करत वाचायला लागले, "नंदुरबारच्या... बाजार समितीत... लाल मिरचीची..." बातमी संपेपर्यंत थांबले नाहीत. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच कणीक मळत राहिले.

नंतर त्यांनी विचारलं, "हे काय आहे नेमकं?"

"ब्राउझर म्हणजे ज्यातून आपण पानं उघडतो तो. त्याला वरून जोडायचा हा छोटा प्रोग्रॅम."

"ट्रॅक्टर तोच. मागे नांगर जोडला की नांगरतो, रोटाव्हेटर जोडला की माती भुसभुशीत करतो."

"तसंच."

"मग माझ्या फोनला जोड."

तिथंच अडलं. त्या वेळी मी वापरत होते त्या ब्राउझरला फोनवर काही जोडता येत नव्हतं. लॅपटॉपवर जे सहज व्हायचं ते फोनवर नाही. फोनची स्वतःची काळी सेटिंग लावली तर फक्त वरच्या पट्ट्या काळ्या होत, बातमीचं पान पांढरंच. अक्षर ताणून मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जायची. आणि वाचता वाचता मधूनच एखादी जाहिरात उगवून सगळं खाली ढकलायची. मी म्हटलं, लॅपटॉप घेऊन देते. आप्पा म्हणाले, "नको. मला खाटेवर पडून वाचायची सवय."

ते गावी परत गेले. मला वाटलं, आता त्यांचं वाचन संपलं.

पण चार-पाच आठवड्यांनी, एका रविवारी मी गेले तर ओसरीवर वेगळंच चाललं होतं. माय नाकावर चष्मा लावून बसली होती, फोन हातभर लांब धरून. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. फोनवरची बातमी पुस्तकी मराठीत होती. माय एक वाक्य मनात वाचायची आणि मग मोठ्यानं सांगायची ते अहिराणीत. 'जिल्हाधिकाऱ्यांनी पंचनाम्याचे आदेश दिले' याचं तिनं केलं, "कलेक्टरनी सांगं, वावरमा जाईसन दखा, कितलं नुकसान व्हयनं ते." वर स्वतःचं म्हणणं, "आते इतला दिवसनी जाईसन काय दखतीन?"

आप्पा हसले. लेझरनंतर मी त्यांना हसताना प्रथमच पाहिलं.

मायला एक बातमी वाचायला अर्धा तास लागायचा. जोडाक्षरांवर ती अडायची, मग आप्पा अंदाजानं शब्द सांगायचे. पण रोज सकाळी कामं उरकून ती बसायचीच. असं दीड-दोन वर्षं चाललं.

मग एकदा कार्यालयातल्या माझ्या मैत्रिणीनं जेवताना सांगितलं की तिच्या फोनमधल्या ब्राउझरला आता एक्स्टेन्शन जोडता येतात, अगदी संगणकासारखी. तिनं काढून दाखवलं. काळं पान, पिवळी अक्षरं. मी डबा तसाच झाकून ठेवला आणि आधी माझ्या फोनवर करून पाहिलं.

त्या रविवारी पहिल्या बसनं प्रकाशाला उतरले. आप्पांच्या फोनवर तो ब्राउझर घातला, त्यातलं एक्स्टेन्शनचं दुकान उघडलं. जोडताना एक सूचना आली. आप्पांची सवय, कुठलाही कागद वाचल्याशिवाय सही नाही. म्हणाले, "काय लिहिलंय, वाच."

मी वाचलं की हे एक्स्टेन्शन तुम्ही उघडाल ती सगळी पानं वाचू शकेल आणि बदलू शकेल.

"म्हणजे माझी पत्रं फोडून वाचणार?"

मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा गंभीर होता. सगळ्या गावाची पाकिटं ज्यांच्या हातातून गेली आणि एकही कधी उघडं झालं नाही, त्यांचा प्रश्न होता तो. मी समजावलं की पान काळं करायचं तर त्याला पान दिसावंच लागतं. पण विश्वासातलंच एक्स्टेन्शन घ्यायचं, आणि या ब्राउझरात बँकेचं वगैरे काही उघडायचं नाही. इथं फक्त बातम्या.

"ठीक आहे. बातम्या तर सगळ्यांच्याच आहेत. जोड."

त्या दिवशी आप्पांनी खाटेवर पडून एक अख्खा लेख वाचला. मोठ्यानं, न अडता. शेजारचे दोघं ऐकायला येऊन बसले. मायनं सगळ्यांना चहा केला. संध्याकाळच्या बसमध्ये मी इतकी खुश होते की नंदुरबारला रिक्षावाल्यानं काहीतरी विचारलं तेही मला दोनदा कळलं नाही.

त्यानंतरच्या दोन-तीन रविवारी घर फार शांत वाटलं. आप्पा भिंतीकडे कुशीवर वळून वाचत असायचे, मनातल्या मनात, भराभर. त्यांची इतक्या दिवसांची भूक होती. माय आत असायची. तिचा चष्मा मला कुठं दिसला नाही.

"माय, तू आते वाचत नही का?"

"त्यासले आते दखास ना. मंग मी कसाले वाचू?" ती साधेपणानं म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

मला तेव्हा प्रथमच कळलं की आप्पांना वाचन परत देताना मी मायच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं होतं. कुणीही तक्रार केली नव्हती.

दुपारी मागच्या दाराशी गेले, तर माय पायरीवर बसलेली. चष्मा लावलेला. स्वतःचा जुना फोन दोन्ही हातांनी धरून ओठ हलवत होती. मी मागं उभी राहून पाहिलं. ऊसतोडीच्या वेळी एका शेतात बिबट्याची तीन पिल्लं सापडली होती, त्याची ती बातमी होती. वनखात्याच्या माणसांनी पिल्लं टोपलीत ठेवून परत त्याच जागी नेऊन ठेवली होती, आई येऊन नेईल म्हणून. माय निम्म्यावर आली आणि एक जाहिरात मध्येच उघडली. पान सरकलं. तिनं बोटानं वर-खाली करून पाहिलं, ओळ सापडेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा जाहिरात.

"काय करी ऱ्हायनी, माय?"

ती दचकली, चोरी पकडल्यासारखी. मग म्हणाली, "ती मायनी पिल्लं नेनात का नही, तितलंच दखी ऱ्हायनू. पन ओळच पळी जास." आणि थोडं थांबून, माझ्याकडे न बघता, "मन्हा फोनमा बी टाकी दे ना ते."

हे मला आधी कसं सुचलं नाही, याची लाज वाटली. तिथंच पायरीवर बसून मी तिच्या फोनवर तो ब्राउझर घातला आणि दोन्ही एक्स्टेन्शन जोडली. तिला काळं पान नको होतं, "अंधारासारखं" वाटत होतं. मग पान पांढरंच ठेवलं, अक्षरं मोठी केली आणि जाहिराती बंद. ओळ आता जागेवर राहिली. तिनं ओळीखाली बोट ठेवून सगळी बातमी वाचून काढली. दोन पिल्लं आईनं पहिल्याच दिवशी नेली होती. तिसऱ्यासाठी ती दुसऱ्या दिवशी आली होती.

"उनी ती," माय म्हणाली. "तिसरासाठे बी उनी."

आतून आप्पांचा आवाज आला, "काय शे ते? आठे ईसन वाच, जरा मोठ्यानं."

माय आत गेली, खाटेच्या पायथ्याशी बसली आणि त्यांना सगळं सांगितलं, अहिराणीत, स्वतःची भर घालून. टोपली कशी असेल, पिल्लू भुकेनं कसं ओरडलं असेल, जे बातमीत कुठंच नव्हतं.

संध्याकाळी आप्पा मला बसपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "ती बातमी तुम्हाला फोनवर दिसली असेल की."

"सकाळीच वाचली होती."

"मग?"

"मी वाचतो तेव्हा लवकर संपतं," ते म्हणाले. बस आली, त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली.

तेव्हापासून घरात दोन वाचनं होतात. सकाळी आप्पांचं, मनातलं. चार वाजता चहा झाला की मायचं, मोठ्यानं. आप्पांचा डावा डोळा यंदा आणखी मंदावलाय. त्यांनी अक्षरं इतकी वाढवली आहेत की पडद्यावर जेमतेम सात-आठ शब्द मावतात. डॉक्टरांनी मला सांगितलेलं ठाऊक असल्यासारखं ते आता स्वतःच म्हणतात, "जेवढं आहे तेवढं आहे." मायचं वाचन मात्र सुधारलंय. जोडाक्षरांवर ती क्वचित अडते.

पुढच्या महिन्यात सुरतेला तपासणी आहे. आजवर आप्पांना मी घेऊन जायचे. या वेळी माय म्हणाली, तीही येणार. मी म्हटलं, "तू कसाले दगदग करस? मोठं हॉस्पिटल शे, हरावशी."

"नही हरावत," ती म्हणाली. "तठल्या पाट्या मी वाचसू."

तिथल्या पाट्या गुजरातीत आहेत, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. आप्पांनाही ते माहीत आहे. तेही गप्प बसले.