आकडा तोच ठेवलेली लायब्ररी

आमच्या शेजाऱ्यांना अख्खी इमारत 'पुडीवाले' म्हणते. नाव मीच ठेवलंय. नोकरी त्यांची वेगळी; पण रोज सकाळी तासभर ते हौसेने लिनक्स या फुकटच्या कॉम्प्युटर-प्रणालीसाठी लायब्रऱ्यांच्या पुड्या बांधतात आणि कुठकुठले लोक त्या उतरवून घेतात. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. एकच सामायिक कोड, त्याच्या जिवावर दहा प्रोग्राम चालतात. तिच्या नावाला एक आकडा असतो. जुने प्रोग्राम अडतील असं काही आतून काढलं, तर आकडा बदलायचा. मग जुनी आणि नवी दोघी जावाजावांसारख्या एका घरात नांदतात. आकडा तोच ठेवला, तर नवी आली की जुनी घराबाहेर. हे त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय, की मी झोपेतही म्हणून दाखवीन.

त्यांची थोरली बहीण रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे. तिथले कॉम्प्युटर यांनीच, स्वतःच्या पुड्या घालून, लावून दिलेले. एका सोमवारी रिपोर्ट छापायचा प्रोग्राम उघडेचना. ताईंनी फोन केला, तर हे म्हणाले, "तूच काहीतरी नको ते दाबलं असशील." ताईंनाही ते खरं वाटलं. लॅबच्या मॅडमनी पेशंटांदेखत त्यांना झाडलं आणि कॉम्प्युटरला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. मी तरी कुठे मागे राहतोय? 'ताईंनी लॅब बंद पाडली' ही बातमी संध्याकाळपर्यंत तीनही मजल्यांवर पोचवली. तिखटमीठ माझं.

मंगळवारी सकाळी पेपर मागायला गेलो, तर पुडीवाले स्क्रीनसमोर पांढरेफटक. समोर दोन याद्या: जुन्या लायब्ररीतली फंक्शनं, म्हणजे ती प्रोग्रामांना करून देते ती कामं, आणि नवीतली. नवीत एक कमी, नेमकं रिपोर्ट छापायला लागणारं. लायब्ररीच्या मूळ लेखकाने 'किरकोळ दुरुस्ती' म्हणून कळवलं, यांनी मान डोलावून आकडा तोच ठेवला आणि लॅबमध्ये नवी आपोआप चढून जुनी घराबाहेर. ह्या याद्या पुडी बांधण्याआधी ताडून बघायच्या असतात. यांनी त्या आत्ता उघडल्या होत्या.

"गुपचूप नीट करून टाका," मी म्हटलं. "कोणाला कळतंय?"

"बोलणी ताईने खाल्लीत," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यांनी जुनी पुडी परत चढवली, नवीला पुढचा आकडा दिला आणि बदलांच्या नोंदीत, जिथे कोणीही वाचू शकतं, लिहिलं: 'याद्या ताडल्या नाहीत. चूक माझी.' मग लॅबमध्ये गेले. मीही गेलो, तमाशा बघायला, खोटं कशाला बोलू. पेशंटांच्या रांगेपुढे उभं राहून त्यांनी मॅडमना सगळं सांगितलं. कान लाल झालेले.

ताई नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लहानपणी तू फोडलेल्या कपबशाही माझ्याच नावावर लागायच्या. या खेपेला निदान तोंड उघडलंस."

रांगेतलं कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही.

परत आल्यावर पुडीवाले आपल्या घरात गेले. मी मात्र कालची बातमी परत घ्यायला तळमजल्यावरच्या पहिल्या दाराशी बराच वेळ उभा होतो. बातमी द्यायला कधी बेल दाबावी लागली नव्हती, दारं आपोआप उघडायची.