एकही पांढरी पेशी नाही

विरारला आमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये ती मुलगी बसायची. नाव मी कधी विचारलंच नाही बघा. मायक्रोस्कोपवर वाकली की ओठ हलवत पेशी मोजायची. त्या दिवशी मी ह्यांची लघवी तपासायला नेली होती. केमो चालू, त्यात ताप.

"पू नाही ना गं? मग सुटले बाई!" मी म्हटलं.

ती हसली नाही. पुन्हा वाकली, पुन्हा मोजलं.

"आजी, जंतू भरपूर आहेत. त्यांच्याशी लढायला पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांचाच पू होतो. इथे एकही आलेली नाही, केमोने त्या संपल्या असणार. आजोबांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

हातमोजे काढून तिनेच रिक्षा थांबवली, घरापर्यंत आली, ह्यांना धरून बसवलं.

वाटेत ह्यांचं तापलेलं डोकं खांद्यावर घेऊन मी देवाकडे चक्क पू मागत होते.