यानच्या मापाला लावलेलं कुंकू

चहा निवतोय, घ्या. तोवर माझा एक गाढवपणा ऐका. हसलात तरी चालेल, सूनबाई अजून हसतेच आहे.

हॉलंडात लायडनला मुलाकडे आलो, तर शेजारी यान नावाचा म्हातारा. माझ्याच वयाचा, नेमबाजीचा नाद. रीतसर परवाना, रायफल कुलपात, आणि काडतुसं घरीच भरायचा. झाडलेलं पितळी नळकांडं टाकायचं नाही, पुन्हा भरायचं. मला डच येत नाही, त्याला मराठी. पण मी चौथी नापास असलो तरी जन्म लेथवर गेलेला. मापं दोघांनाही कळतात. रोज दुपारी त्याच्या बागेतल्या खोलीत जाऊन बसायचो.

त्याचं एक माप फार नाजूक. नळकांड्याच्या बुडापासून खांद्यापर्यंतचं, म्हणजे जिथे ते तोंडाकडे निमुळतं होतं तिथवरचं अंतर. कॅलिपरला, म्हणजे मापाच्या चिमट्याला, भोकाचा एक लाल धातूचा तुकडा लावायचा, भोकात खांदा टेकवायचा, आकडा वहीत लिहायचा. हे अंतर वाढलं तर रायफल आतून सैल झाली असं समजायचं. मग ती झाडणं जिवावरचं काम.

दसरा आला. आता सांगा, कारखान्यात आयुष्यभर हत्यारं पुजलेला माणूस त्या दिवशी गप्प बसेल? यान कॉफी करायला घरात गेला, तशी मी खिशातली पुडी काढली. ओल्या बोटाने कॅलिपरला, त्या लाल तुकड्याला हळद-कुंकू लावलं, हात जोडले. तो यायच्या आत रुमालाने पुसूनही टाकलं. परक्याचं घर, उगाच कशाला.

दुसऱ्या दिवशी यानचं तोंड उतरलेलं. सगळी नळकांडी लांब. केसभरच, पण लांब. पुन्हा मोजली, तेच. रायफल मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री म्हणाला, ठणठणीत आहे.

मग यान आमच्याकडे येऊन बसला. बोलणं पोचवायला मधे माझी सून, मीनल.

"बाबा, तो म्हणतोय, रायफल चांगली आहे म्हणजे माझेच हात गेले. रविवारची स्पर्धा सोडतो, परवानाही परत करतो."

मला भडभडून आलं. "त्याला सांग, वय कुणाला चुकलंय? माझेही हात कापतात. इतकी वर्षं केलं, आता सोडायचं."

"बाबा, तुम्ही धीर देताय की निरोप?"

तरी राहवेना. म्हटलं, एकदा मला मोजू दे. तिघेही त्याच्या खोलीत गेलो. मोजण्याआधी पुसायचं ही लेथवाल्याची सवय, म्हणून भोकाच्या कडेवरून करंगळी फिरवली. करंगळी लाल.

तुकडा मूळचाच लाल, त्यावरचं कुंकू दिसणार कुणाला? कडेला वाळून बसलं होतं. खांदा पूर्ण टेकतच नव्हता.

मग मीनलला सगळं सांगितलं, तिने त्याला. यानने तुकडा धुतला, दहा नळकांडी मोजली. जुनेच आकडे. तो स्टुलावर बसला आणि काहीतरी पुटपुटला.

"विचारतोय, ही पूजा कशासाठी करतात?"

मी खाली बघून म्हटलं, "हत्याराने वर्षभर दगा देऊ नये म्हणून."

मीनलने सांगितलं. यान डोळ्यांत पाणी येईतो हसला.

रविवारी तो स्पर्धेला गेला, परवाना त्याच्याकडेच राहिला. माझंही दुपारचं जाणं चालू आहे. फक्त रायफलीच्या कपाटात हल्ली तो लाल तुकडाही असतो. मी आलो की यान आधी कपाटाची किल्ली खिशात घालतो, मग कॉफी करायला जातो.