फळ्याची उजवी बाजू

फोटो मीच कापला होता. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे सरांबद्दल चांगलं लिहिताना मला लपायला जागा उरणार नाही.

आमच्या नंदनवन वस्तीतल्या शाळेत सर इतिहास शिकवायचे, मी मराठी. वर्गात शिरताच ते फळ्यावर मधोमध उभी रेघ ओढायचे. डावीकडे ‘घडलं’, उजवीकडे ‘वाटलं’. पोरगं काही बोललं की खडू रोखून विचारायचे, “कोणत्या बाजूले लिहू गा?” डब्याच्या सुट्टीतही सुटका नसे. मी म्हटलं, “भाजी खारट झाली,” की सर चपाती मोडत म्हणायचे, “उजवीकडे!”

एकदा परिपाठाला मी एका राजाच्या शौर्याची गोष्ट रंगवून सांगितली. टाळ्या पडल्या. मागून सर म्हणाले, “मस्त सांगतलं गा. पण हे लिहून कुठं आहे?”

“ऐकलेलं आहे,” मी पुटपुटलो. पोरं हसली. पुढे कित्येक दिवस मी व्हरांड्यातून गेलो की मागून कुजबुज यायची, “उजवीकडे, उजवीकडे!” एकेक हसणं मी जपून ठेवलं. सरांना असंच सगळ्यांसमोर निरुत्तर झालेलं मला पाहायचं होतं.

एके दिवशी सरांनी त्याच राजाबद्दल एका इंग्रज अधिकाऱ्याचं मत उजवीकडे लिहिलं : ‘राजा भित्रा होता.’ तास संपला, फळा तसाच राहिला. मी फोटो काढला. डावी बाजू, रेघ, वरचं ‘वाटलं’, सगळं कापलं. उरलेलं एक वाक्य अनोळखी नंबरवरून एका तापट पालकाला पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चिडलेल्या पालकांची गर्दी. सर एकच विचारत होते, “अर्धा फळा कुठं गेला?” कोणी ऐकेना. मी दाराशी उभा होतो. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं.

सरांना ग्रंथालयात बसवलं. त्यांचे इतिहासाचे तास मला दिले. रोज त्याच फळ्यासमोर उभा राहायचो. रेघ ओढायला हात उचलत नसे.

सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते.

“सर, मले तेव्हा वाटलं, तुम्ही मुद्दाम माझा अपमान...”

“ते उजवीकडचं झालं,” सर मान वर न करता म्हणाले. “डावीकडचं सांग.”

“फोटो मी कापला, सर. चुकलो. माफ करा मले.”