बाहेर ‘हळदीकुंकू’ लिहिलं होतं

मंडळी, घाईत लिहितेय. चुका सांभाळून घ्या.

आज रोह्यात आमच्या पालक गटाचा वार्षिक मेळावा होता. आमच्या मुलांना जन्मापासून त्वचेचा दुर्मीळ आजार आहे. जरा घासलं तरी फोड येतात. बहिणींची लग्नं अडतील म्हणून पालक आजाराचं नाव बाहेर लावू देत नाहीत. दरवर्षी हॉलवर ‘हळदीकुंकू’ असा बोर्ड लागतो.

आज तो वाचून एक अनोळखी बाई खरंच आत आली. मी घाईघाईने कुंकवाचा करंडा पुढे केला, पण ती माझ्या लेकाकडेच बघत राहिली.

“ताई, याचापण शर्ट उलटा?”

शिवण घासू नये म्हणून आमची सगळीच मुलं कपडे उलटे घालतात.

“माझी पोरगीपण उलटेच घालते,” ती म्हणाली. “घराबाहेर नाय काढत तिला. वाटायचं, जगात ती एकटीच हाय.”

मी खुर्ची पुढे केली आणि ती कुठली ते विचारलं.

ती अष्टमीची, म्हणजे पुलापलीकडचीच. म्हणाली, “दरवर्षी हा बोर्ड बघून पुढे जाते. आज पाय दुखले म्हणून टेकायला आले.”

पुढच्या वर्षी मेळावा पहिल्यांदाच पेणला आहे. बोर्डावर काय लिहू, तुम्हीच सांगा.